टोमॅटोऐवजी लिंबू चालेल का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. टोमॅटोचा भाव वाढला की आमच्या घरात एक जुना वाद पुन्हा सुरू होतो. सासूबाईंचे म्हणणे असे, की आमटीला आंबटपणाच हवा ना, मग लिंबू पिळावे. टोमॅटोचे एवढे काय कौतुक? जाऊबाईंनी फोनवर एक तक्ता दाखवला. त्यात लिंबाच्या रसात टोमॅटोच्या जवळजवळ तिप्पट ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे दिले आहे, आणि त्या स्वतः रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून घेतात. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तिचे हिमोग्लोबिन १० आले आहे. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. सासऱ्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले असून डॉक्टरांनी ‘पोटॅशियम सांभाळा’ असे सांगितले आहे. या सगळ्यांसाठी टोमॅटोऐवजी लिंबू वापरले तर पोषणात काही कमी पडेल का?
– एक गृहिणी, सिन्नर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या जाऊबाईंनी दाखवलेला तक्ता खोटा नाही. मात्र त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. असे तक्ते नेहमी १०० ग्रॅमच्या मापाने दिलेले असतात, आणि लिंबाच्या बाबतीत हेच माप आपली दिशाभूल करते. शंभर ग्रॅम टोमॅटो म्हणजे एक मध्यम टोमॅटो, जो एक माणूस एका जेवणात सहज खातो. शंभर ग्रॅम लिंबाचा रस काढायचा तर आपली पाच-सहा कागदी लिंबे पिळावी लागतील, आणि तेवढा रस एका जेवणात कोणीही घेत नाही. म्हणून ही तुलना तक्त्यातल्या रकान्यांची न करता ताटात प्रत्यक्ष काय पडते, याची करू.

शंभर ग्रॅम ताज्या लाल टोमॅटोत साधारण १४ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. पिवळ्या, जाड सालीच्या विलायती लिंबाच्या तेवढ्याच रसात ते ३९ मिलिग्रॅमच्या आसपास भरते, आणि तक्त्यातला ‘तिप्पट’ हा आकडा तिथून आलेला आहे. आपल्या बाजारात मिळणारे पातळ सालीचे कागदी लिंबू ही वेगळी जात आहे आणि तिच्या रसात हे प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या जवळपास असते. हा फरक किरकोळ वाटतो, पण इतिहासात त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. ब्रिटिश आरमाराने १७९५ साली खलाशांना स्कर्व्ही हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग होऊ नये म्हणून लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या जाड सालीच्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधल्या हिरव्या, लहान लिंबांचा साठवलेला रस देण्यात येऊ लागला, आणि १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उद्भवला. आंबटपणा तोच होता. जीवनसत्त्व मात्र मूळच्याच कमी असलेल्या रसातून साठवणुकीत आणखी घटले होते. चव आणि पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सासूबाईंना समजावताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

आता ताटाकडे येऊ. एका मध्यम कागदी लिंबातून १५ ते २० मिलिलिटर रस निघतो. ताटात आपण सहसा अर्धे लिंबू किंवा त्याची एक फोड पिळतो, म्हणजे फार तर १० मिलिलिटर. त्यातून जेमतेम ३ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व मिळते. एक कच्चा टोमॅटो चिरून खाल्ला तर १४ मिलिग्रॅम मिळते. तक्त्यात मागे असलेला टोमॅटो ताटात चौपटीने पुढे जातो, तो केवळ आपण तो भरपूर खातो म्हणून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. या गरजेपुढे पाहिले तर दोन्ही पदार्थ मदतनीसच आहेत. तुम्हाला खरोखर ‘क’ जीवनसत्त्व हवे असेल तर पेरू आणा. शंभर ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असते. कच्च्या कोबीत ते ३६ मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे कागदी लिंबाच्या रसापेक्षा जास्तच, आणि कोबीची कोशिंबीर आपण वाटीभर खातो.

‘क’ जीवनसत्त्व सोडून इतर घटक पाहिले तर तुलनेला फारसा अर्थ उरत नाही. लिंबाचा रस म्हणजे बहुतांशी पाणी, थोडी साखर आणि पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल. तंतू त्यात जवळजवळ नसतातच, कारण ते साल, पडदे आणि चोथा यांच्याबरोबर फेकले जातात. टोमॅटो आपण सालीसकट आणि गरासकट खातो, त्यामुळे शंभर ग्रॅममागे सव्वा ग्रॅमच्या जवळपास तंतू, सुमारे २४० मिलिग्रॅम पोटॅशियम, थोडे ‘अ’ आणि ‘के’ जीवनसत्त्व आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्य पोटात जाते. उष्मांक दोन्हींत नगण्य, टोमॅटोत १८ आणि रसात २५ च्या आत. ‘अ’ जीवनसत्त्वाचेही फार कौतुक करू नये. एका टोमॅटोतून मिळणारे प्रमाण स्त्रीच्या रोजच्या गरजेच्या जेमतेम पाच टक्के आहे, आणि त्यासाठी गाजर, शेवग्याचा पाला, मेथी यांच्याकडेच वळावे लागते.

तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट मला मुलीचे हिमोग्लोबिन वाटते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते. पंधरा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन निदान १२ असायला हवे. १० हा आकडा आहाराने भरून निघेल अशी वाट पाहत बसू नका; डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या नियमित द्या, दिल्या नसतील तर विचारा, आणि मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, जंतांचे औषध शेवटचे कधी दिले होते, हेही त्यांना सांगा. गोळी चहा किंवा दुधाबरोबर देऊ नये, पाण्याबरोबर द्यावी. महिन्याभराने तपासणी पुन्हा करून घ्यावी, म्हणजे गोळी लागू पडते आहे की नाही ते कळेल.

आहारात तिला लोह प्रामुख्याने पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी, नाचणी यांच्यातून मिळत असेल. वनस्पतींमधले हे लोह आतड्यात सहज शोषले जात नाही. धान्याच्या कोंड्यातले फायटेट आणि चहातले टॅनिन त्याला आणखी अडवतात. ‘क’ जीवनसत्त्व त्याच जेवणात असेल तर ते या लोहाचे रूप बदलून ते विरघळलेल्या अवस्थेत ठेवते आणि त्याचे शोषण वाढते. ‘मेथीच्या भाजीवर लिंबू पिळा’ या सल्ल्यामागचे शास्त्र हेच आहे आणि सल्ला योग्य आहे. मात्र तो देताना प्रमाण क्वचितच सांगितले जाते. शोषणात नजरेत भरेल असा फरक पडण्यासाठी एका जेवणात साधारण २५ मिलिग्रॅम किंवा अधिक ‘क’ जीवनसत्त्व असणे चांगले. तेवढे केवळ लिंबातून मिळवायचे तर चार-पाच लिंबांचा रस एका ताटात घालावा लागेल. दोन मध्यम कच्च्या टोमॅटोंची कोशिंबीर केली तर ते सहज मिळते, आणि पेरूच्या दोन फोडींतही मिळते. लिंबातले सायट्रिक आम्लही शोषणाला थोडा हातभार लावते, त्यामुळे अर्धे लिंबू पिळणे व्यर्थ नाही. पण मुलीचा सारा भरवसा त्या अर्ध्या लिंबावर ठेवू नये. लिंबू पिळावेच, आणि त्याच्या जोडीला कच्ची कोशिंबीर किंवा पेरू त्याच जेवणात असावा. सकाळी पोह्यांवर लिंबू पिळून लगेच कपभर चहा दिला तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. चहा तासाभराने द्यावा.

कोशिंबीर करतानाची एक गोष्ट बहुतेक स्वयंपाकघरांत चुकते. टोमॅटो आधीच चिरून, मीठ लावून ठेवला की अर्ध्या तासात त्याला वाटीभर पाणी सुटते, आणि कोशिंबीर पातळ नको म्हणून ते पाणी ओतून दिले जाते. ‘क’ जीवनसत्त्व आणि पोटॅशियम हे दोन्ही पाण्यात विरघळणारे घटक असल्यामुळे ज्यासाठी टोमॅटो आणला, त्याचा चांगला भाग मोरीत जातो. टोमॅटो जेवायला बसण्याच्या आधी चिरावा, मीठ अगदी वाढताना घालावे, आणि दाण्याचे कूट घातले की सुटलेले थोडे पाणी त्यात मुरून जाते. लिंबाचेही तसेच आहे. ते गॅसवर उकळत असलेल्या आमटीत न पिळता वाढलेल्या वाटीत पिळावे. उष्णतेने जीवनसत्त्व घटते आणि चवही कडवट होते.

मग शिजवलेल्या टोमॅटोचा उपयोग काय, असा प्रश्न यावर येईल. शिजवल्यावर ‘क’ जीवनसत्त्व कमी होते हे खरे, पण लायकोपीनच्या बाबतीत नेमके उलट घडते. हे रंगद्रव्य टोमॅटोच्या पेशींत घट्ट बसलेले असते. शिजवल्याने त्या पेशी फुटतात आणि ते मोकळे होते. ते पाण्यात न विरघळता स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून सोबत तेल-तूप असेल तरच शरीर ते नीट शोषून घेते. तुपाची जिरे-कढीपत्त्याची फोडणी दिलेले टोमॅटोचे सार हा या दृष्टीने अत्यंत योग्य पदार्थ आहे, आणि तो आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे याचे मला मनापासून समाधान वाटते. सालीत लायकोपीन जास्त असते, म्हणून सार गाळून साल फेकण्याऐवजी मिक्सरमध्ये बारीक करून सगळेच घ्यावे. लायकोपीनमुळे हृदयविकार किंवा प्रोस्टेटचा कर्करोग टळतो, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही आणि कोणी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नये. परंतु जो घटक लिंबात जवळजवळ नाहीच, त्याची भरपाई लिंबाने होणार नाही एवढे निश्चित आहे.

यजमानांच्या रक्तदाबासाठी दोन्ही उपयोगाचे आहेत, पण वेगवेगळ्या मार्गांनी. टोमॅटोतले पोटॅशियम सोडियमचा परिणाम कमी करायला मदत करते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ३,५०० मिलिग्रॅम पोटॅशियम हवे असते आणि फळे-भाज्या कमी खाणाऱ्यांना ते पुरेसे मिळत नाही. लिंबाचा उपयोग असा, की त्याच्या आंबटपणामुळे कमी मिठातही पदार्थ अळणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याहूनही कमी मीठ सांगितले आहे. भाजीत मीठ नेहमीपेक्षा थोडे कमी घालून वरून लिंबू पिळा. आठवड्याभरात जिभेला त्याची सवय होते. लिंबाचे लोणचे आणि टोमॅटो केचप हे या हिशेबात धरू नका. लोणच्यात मीठच प्रमुख असते, आणि शंभर ग्रॅम केचपमध्ये २० ग्रॅमच्या वर साखर व भरपूर सोडियम असते. यजमानांच्या गोळीने रक्तातले पोटॅशियम वाढते का, हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या गटांतल्या औषधांनी ते वाढू शकते.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र सासूबाईंचा सल्ला योग्य ठरतो. मूत्रपिंडांचे काम मंदावले की जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडत नाही, आणि रक्तात ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दोन टोमॅटोंतून जवळजवळ ४७५ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. एका लिंबाच्या पूर्ण रसातून मिळते ते २० ते २५ मिलिग्रॅम. त्यांची आमटी टोमॅटोऐवजी लिंबाने किंवा एखाद्या आमसुलाने आंबट करणे हाच चांगला मार्ग आहे. सार आणि टोमॅटोची दाट ग्रेव्ही त्यांना देऊ नये, कारण आटवल्यावर पोटॅशियम एकवटते. चवीपुरती एखादी फोड खाल्ली तर ती किती चालेल, हे त्यांच्या ताज्या अहवालावरून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील. याच संदर्भात आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगते, कारण त्या चांगल्या हेतूने केल्या जातात आणि त्यातून धोका होतो. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे मिळते, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. यजमानांच्या रक्तदाबासाठी ते घरात आणले आणि त्याच मिठाचा स्वयंपाक सासऱ्यांनी खाल्ला, तर टोमॅटो टाळल्याचा काही उपयोग होणार नाही. आणि आजारी माणसाला शक्ती यावी म्हणून आपण शहाळे आणतो. एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण दोन टोमॅटोंएवढे किंवा त्याहून अधिक पोटॅशियम असते.

टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो, ही समजूत तुमच्याकडेही असेल. ज्यापासून बरेच खडे बनतात त्या ऑक्झलेटचे प्रमाण टोमॅटोत कमी असते आणि बियांचा खड्याशी संबंध नाही. लिंबातल्या सायट्रेटमुळे मात्र कॅल्शियमचे खडे बनायला अडथळा होतो, आणि ज्यांना वारंवार खडे होतात त्यांना भरपूर पाण्याबरोबर लिंबूपाणी घ्यायला सांगतात, ते योग्यच आहे.

जाऊबाईंच्या सकाळच्या लिंबूपाण्याविषयी थोडक्यात. त्याने चरबी वितळत नाही. साखरेच्या चहाऐवजी ते घेतले तर तेवढी साखर वाचते आणि पोटात पाणी जाते, हा त्याचा खरा फायदा. लिंबू शरीरात जाऊन रक्त ‘अल्कलाइन’ करते हेही खरे नाही. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) फुप्फुसे आणि मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राखतात, तुम्ही काहीही खाल्ले तरी. दातांवर मात्र त्याचा परिणाम होतो. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.६ असतो, आणि सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांचे वरचे आवरण विरघळू लागते. त्यांनी लिंबू बरेच पातळ करून, घोट-घोट रेंगाळत न पिता एकदम प्यावे, लगेच साध्या पाण्याने चूळ भरावी, आणि त्यानंतर अर्धा तास तरी ब्रश करू नये. छातीत जळजळ होत असेल तर लिंबू आणि टोमॅटो दोन्हींचे प्रमाण कमी करून पाहावे.

आता भावाचा प्रश्न. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभर रुपये किलोच्या पुढे गेला होता आणि त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये लिंबू असेच महागले होते, त्यामुळे यांपैकी कोणत्याही एकावर घर अवलंबून ठेवणे परवडणारे नाही. टोमॅटो महाग असेल त्या आठवड्यात अर्धा किलोच आणा आणि तो आमटीत घालू नका. मुलीच्या आणि यजमानांच्या कच्च्या कोशिंबिरीसाठी राखून ठेवा. आमटीला आमसूल किंवा चिंच घाला. त्यांत ‘क’ जीवनसत्त्व फारसे नसते, पण शिजणाऱ्या आमटीत टोमॅटोचेही ते बरेचसे नष्ट होणारच होते. त्या दिवसांत पेरू, कोबी किंवा भोपळी मिरची जी स्वस्त असेल ती घ्या, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वात कोणालाही कमी पडणार नाही.

स्वस्ताईत साठवणही करता येते. सिन्नरच्या आसपास टोमॅटो पिकतो, आणि भाव पडले की तो कवडीमोलाने विकला जातो. तेव्हा चार-पाच किलो घेऊन सालीसकट वाटून, थोड्या तेलावर दाटसर आटवून, छोट्या डब्यांत फ्रीजरमध्ये ठेवला तर तीन-चार महिने सार आणि ग्रेव्हीची सोय होते. एकदा बाहेर काढून वितळलेला डबा पुन्हा गोठवू नये. पावसाळ्यात लिंबे रसदार आणि स्वस्त असतात, तेव्हा रस काढून लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा आणि खडे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावेत. लागेल तसा एक-एक खडा काढता येतो. रस काढताना आणि साठवताना पितळेचे बिनकल्हईचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका, काच किंवा स्टील वापरा. बाजारात मिळणारा बाटलीबंद लिंबूरस आंबटपणापुरता ठीक आहे, पण त्यातले ‘क’ जीवनसत्त्व ताज्या रसाच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. तो घेतलाच, तर लेबलवर साखर आणि मीठ किती आहे ते आधी वाचून घ्या.